अक्तोशचा वाटा

"छातीत पाणी झालंय. सुई घालून काढून टाकू," उर्मात म्हणाला. नवाच डॉक्टर, हात सदा शिवशिवणारे.

"सुईला हात लावलास तर याद राख!" तोल्कून खेकसली. नारीनकडच्या त्या डोंगरी इस्पितळात ऑपरेशनं करणारी ती एकटीच. तिने एक्स-रे खिडकीशी धरला. फुफ्फुसात गोल, रेखीव सावली होती. पाणी असं गोल बसत नाही.

खाटेवर आठ वर्षांची बेगायिम खोकत होती. क्षयाच्या गोळ्या खाऊनही खोकला हटला नव्हता.

"घरी कुत्रा आहे का गं?"

"अक्तोश! माझ्या पांघरुणात झोपतो."

"आणि मेंढीच्या फुफ्फुसात पांढरे फोड निघाले की काय करता?" तोल्कूनने बापाला, ओमुरकुलला विचारलं.

"कुत्र्याला टाकतो. का, तुम्हाला वाढू?"

तोल्कूनला हसू आलं नाही. मेंढीतून कुत्र्याच्या पोटात जंत जातात, त्यांची अंडी त्याच्या केसांवरून पोरीच्या तोंडात, आणि आत त्यांचेच पाण्याने भरलेले फोड धरतात. सोनोग्राफीत यकृतातही तसाच फोड दिसला. सुई टोचली असती तर फोडातलं जहरी पाणी छातीत सांडून पोरीचा श्वास तिथेच थांबला असता.

ऑपरेशनच्या दिवशी तोल्कूनने पोरीची छाती उघडली. फुफ्फुसावर बारीक चीर देऊन ती भूल देणाऱ्या बाईला म्हणाली, "हवा भर. हळू गं, हळू!" फुफ्फुस फुगलं आणि पांढरा फोड अख्खा तिच्या ओंजळीत उतरला. यकृतातलाही तिने मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडांचं कुंपण घालून, थेंब न सांडता काढला. तरी जिवाला चैन नव्हती. फोडाचं मांस कुत्र्याला टाकायचं नाही, खोल पुरायचं, असं तिने बापाला बजावलं, पोरीच्या आजीला बजावलं, कुत्र्यासाठी जंताचं औषध दिलं.

शरदात ओमुरकुलने मेंढी कापून तिला जेवायला बोलावलं. अंगणातला खड्डा त्याने मोठ्या तोऱ्यात दाखवला. "बघा डॉक्टरबाई, खराब ते सगळं यात. तुमचा शब्द मोडला नाही."

चरबीत परतलेल्या कलेजीची थाळी पुढे आली. कितीतरी दिवसांनी तोल्कून निवांत टेकून बसली. तेवढ्यात बेगायिम येऊन तिला बिलगली. हात रक्ताने बरबटलेले.

"हे काय गं?"

"अक्तोशचा वाटा दिला," ती कानात कुजबुजली. "बाबा ते फोडवालं पुरत होते, मी हळूच उचललं. मी दवाखान्यात होते तर तो जेवतच नव्हता म्हणे."

तोल्कूनचा घास हातातच राहिला. तिने सगळ्यांना सांगितलं होतं. जिची छाती उघडली, तिला मात्र गोड बोलून झोपवलं होतं. स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

तिने पोरीचे हात साबणाने घासून धुतले आणि धुता धुता सगळं सांगितलं. बेगायिमचा चेहरा उतरला.

"बाबा त्याला मारून टाकतील?"

"नाही. मी बघते ना! पण त्याला औषध आता तू द्यायचंस. आणि खड्ड्यावर मातीही तूच लोटायचीस."

पोरीने मान डोलावली. अक्तोश शेपूट हलवत तिचं तोंड चाटायला आला. बेगायिमने तोंड फिरवलं आणि ती हमसून हमसून रडू लागली.