डाव्यानं राखलेला उजवा

हो, मीच बोलतोय. हातावरचं पांढरं, कडक प्लास्टर. आत खाज सुटली की लोक मला शिव्या घालतात, माझ्या अंगावर पेनानं काहीबाही लिहितात, पण तुझं काय म्हणणं आहे असं कोणी विचारत नाही. आज दवाखान्याच्या टोपलीत दोन तुकडे होऊन पडलोय. ही टोपली रिकामी व्हायच्या आत माझ्या पोटात जे घडलं ते सांगून टाकतो. खरं सांगू? अजून माझाच त्यावर विश्वास बसत नाही.

जन्मलो तेव्हा मी म्हणजे नुसती भुकटी माखलेल्या जाळीदार कापडाची गुंडाळी होतो. मला पाण्यात बुडवलं, पिळलं आणि एका उजव्या हाताला कोपराखालपासून तळव्यापर्यंत माझे वेटोळे घातले. बघता बघता अंग तापलं आणि मी जो ताठ झालो तो कायमचा. माझा स्वभावच तसा. वाकणं मला जमत नाही. हलू पाहणाऱ्या हाताला गप्प बसवायचं, एवढंच माझं काम, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

हात होता एका शिंप्याचा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कपडा बेतायचे ते आणि मशीनवर शिवायची त्यांची बायको. वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना स्टूल सरकलं, मास्तर पडले आणि मनगटाजवळ हाड मोडलं. सूज उतरल्यावर मला चढवलं.

हाडाची मास्तरांना फारशी काळजी नव्हती. "हाड जुळेल गं," ते बायकोला म्हणाले, "पण हातात जोर राहायला हवा ना. एका गिऱ्हाइकाचं प्लास्टर निघालं तेव्हा त्याच्या शर्टाची एकच बाही आत घ्यावी लागली होती मला. हात कसला, काटकी झालेली. तसं झालं तर कोटाचं जाड कापड कापणार कोण? कातर उचलायलाच मनगट लागतं."

बेतणारा हातच गेला तर मशीनवर शिवायचं काय, हे बायकोलाही कळत होतं.

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे दोघं गेले तर त्यांनी भलतंच सांगितलं. "उजवा राहू दे. डाव्याला कामाला लावा. चांगलं वजन घेऊन, दमेपर्यंत. म्हणजे उजव्याची ताकद टिकायला मदत होईल."

"ते कसं काय?" मास्तरांनी विचारलं.

"एका हाताला जोर लावायचा निरोप मेंदूतून निघाला की थोडासा दुसऱ्या बाजूलाही पोचतो. सगळं अजून कोणाला नीट उलगडलेलं नाही. पण होतं खरं."

घरी येईपर्यंत बायकोला हसू आवरेना. "मोडला उजवा आणि व्यायाम डाव्याला! उद्या दाढ दुखली तर गुडघ्याला मलम लावा म्हणतील."

मीही मनातल्या मनात हसलो. हात माझ्या ताब्यात, आणि बाहेरचा कोण तो डावा त्याला मदत करणार?

पण मास्तर भ्यायलेले होते, आणि भ्यायलेला माणूस काहीही करून बघतो. दुकानातली जड लोखंडी इस्त्री त्यांनी थंड असताना डाव्या हातात घेतली. हात टेबलावर आडवा ठेवला, मूठ कडेबाहेर काढली आणि नुसत्या मनगटानं इस्त्री वर उचलायला लागले. चेहरा लाल, दात आवळलेले. आणि तेवढ्यात, अहो काय सांगू, माझ्या आत काहीतरी ताठलं!

मला वाटलं, मास्तरांनीच उजवी मूठ वळली. बघतो तर माझ्याबाहेर आलेली बोटं सैल लोंबतायत. इस्त्री खाली आली, आतला ताण उतरला. इस्त्री वर गेली, आतलं मांस पुन्हा माझ्या भिंतीला हळूच टेकलं. मी थक्क झालो! ज्याला मी झोपलेला समजत होतो तो आत बसून भावाचं ऐकत होता. मला कातडी असती तर काटा आला असता.

तेव्हापासून मी इस्त्रीची वाट बघू लागलो. मास्तर रोज घाम गाळायचे, बायको मशीन थांबवून बघायची. आधी चेष्टा करायची, मग नुसतं बघायची. पुढेपुढे तीच म्हणायला लागली, "अहो, आज उचलली नाहीत अजून."

घोटाळा झाला तो मास्तरांच्या शिंपीपणामुळे. कपडा अंगावर कसा बसतो हे बोट घालून बघायची त्यांची सवय. माझ्या कडेतही ते रोज बोट घालत. आजारातून उठलेल्या माणसाचे कपडे सैल होतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मग हे प्लास्टर सैल का होत नाही? बोट जेमतेम जातंय! मास्तरांनी बोट झटकन बाहेर काढलं.

"आत सूज आलीय," ते म्हणाले. "डाव्याला राबवलं, त्याचाच हा परिणाम. मी हातानं हात घालवला." आणि त्यांनी इस्त्री बाजूला सारली.

अहो, सूज कुठली! मला ठाऊक होतं ना! सैल होणं हे माझ्या नशिबातच असतं, आणि इथे मी अजून नीट बसलो होतो, कारण आतलं मांस झडत नव्हतं. पण सांगू कसं? ओरडायला तोंड नाही, हलून दाखवायला अंग नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या ताठपणाचा राग आला. आत सगळं निपचित झालं आणि मी त्या शांततेला घाबरलो.

शेवटी बायकोनंच मास्तरांना ओढत मॅडमकडे नेलं. मॅडमनी बोटांची नखं दाबून रंग बघितला, बोटं हलवायला लावली, ठणका आहे का विचारलं, आणि खुदकन हसल्या. "मास्तर, सूज असती तर बोटं फुगली असती, रात्रभर तळमळला असता. आत सूज नाही, तुमचंच मांस आहे. बऱ्यापैकी टिकलंय."

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. बायको उठलीसुद्धा. "चला घरी. इस्त्री रिकामी बसलीय."

आणि आज करवत आली. घर्रर्र करत मला उभं चिरलं. मला स्वतःची नाही, हाताची धास्ती होती. उजेड आत आला. हात फिकट, कातडीचे पापुद्रे सुटलेले, मनगट आखडलेलं. बायकोनं मास्तरांच्याच गळ्यातली टेप ओढून दोन्ही हात मापले. मास्तरांनी माप बघितलं. उजवा जरासाच कमी भरला होता. "एवढा फरक शिलाईत जातो," ते म्हणाले.

मॅडमनी आपली दोन बोटं पुढे केली. "दाबा हळूहळू." मास्तरांनी डोळे मिटून दाबली.

"आई गं! पुरे, पुरे!" मॅडम हसत हात झटकत म्हणाल्या. "कातर धराल तुम्ही. आखडलेलं मनगट मोकळं झालं की धराल." बायकोनं पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात मला उचलून टोपलीत टाकलं. माझी तक्रार नाही. तुमच्या घरी कोणाचा हात माझ्यासारख्याच्या ताब्यात असेल तर जाणकाराला विचारा, आणि धडधाकट हाताला उगाच सुट्टी देऊ नका. एवढंच माझं मागणं. येतो मी.

टोपलीच्या कडेवरून शेवटचं दिसलं ते सांगतो. मास्तर उठायला तयार नव्हते. मोकळ्या झालेल्या उजव्या हातानं ते डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत हळूहळू चेपत होते.

"अहो, दुखतोय का तो?" बायकोनं विचारलं.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "दमला असेल."