जावयाची अट

तेहेतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे माणसांवर विश्वास ठेवायची माझी सवय कधीच मोडली. गाडीत चढणाऱ्याचा चेहरा बघून मी ओळखायचो, हा गडी जवळचं तिकीट काढून दोन स्टॉप पुढे जाणार. बहुतेक वेळा तसंच निघायचं. निवृत्त झालो, आमच्या चर्चच्या मंडळीचा पंच झालो, पण नजर काही निवृत्त झाली नाही. म्हणूनच जावयाने गोड आवाजात अट घातली, तेव्हा माझे कान लगेच टवकारले.

जावई म्हणजे हर्षल. दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, अंबडच्या एका कंपनीत इंजिनिअर. माझी निकिता आणि तो कॉलेजात भेटले, रजिस्टर लग्न केलं. तो हिंदू राहिला, ती ख्रिस्ती राहिली. त्यावर दोन्ही घरांचं रडून-रुसून झालं होतं. आता त्यांची चैताली आठ महिन्यांची झाली होती आणि निकिताला तिचा बाप्तिस्मा करायचा होता. मला तर तो निकितापेक्षा जास्त हवा होता. एकुलती एक नात माझी.

"करा की, पप्पा," हर्षल म्हणाला. "पण 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' असं म्हणून तिच्या डोक्यावर पाणी घालणार ना? मग हे तीन देव आहेत की एक, तेवढं मला समजावून सांगा. तुमच्या चर्चच्या पाळकांनी नको, तुम्ही सांगा. मला कळल्याशिवाय माझ्या मुलीवर कोणी काही म्हणायचं नाही."

झालं! सरळ नाही म्हणायचं नाही, हसत हसत असा प्रश्न टाकायचा की समोरचा गारच पडला पाहिजे. यामागे त्याची आजी धोंडाबाई असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. लग्नात बाई माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

"सोपं आहे, हर्षलराव," मी म्हणालो. "मी निकिताचा बाप, मी एसटीचा कंडक्टर, मी मंडळीचा पंच. नाती तीन, माणूस एकच. मोतीराम."

हर्षलने लगेच विचारलं, "पण पुत्र तर पित्याची प्रार्थना करायचा ना? म्हणजे कंडक्टर मोतीराम बाप मोतीरामला हाक मारायचा?"

चहाचा ठसका लागला मला. पुढच्या रविवारी मी अंड्याचं उदाहरण घेऊन गेलो. टरफल, पांढरं, पिवळं, तिन्ही मिळून अंडं एक. हर्षल म्हणाला, "नुसतं टरफल म्हणजे अंडं नव्हे, पप्पा. मग पुत्र काय, एक तृतीयांश देव?"

हे प्रश्न काही द्राक्षबागेत उगवलेले नव्हते. याला कोणीतरी शिकवून पाठवत होतं.

कोण, तेही लवकरच कळलं. बुधवारी संध्याकाळी द्वारका चौकातल्या दुकानातून बायकोची औषधं घेऊन परतत होतो, तर पाळकांच्या घरासमोर हर्षलची मोटारसायकल उभी. पुढच्या बुधवारी मुद्दाम त्याच रस्त्याने आलो, तेव्हाही उभी. म्हणजे आमचे पाळकच माझ्या पाठीमागे माझ्या जावयाला दारूगोळा पुरवत होते. ज्यांना या मंडळीत आणायला मी पंचांच्या बैठकीत हात वर केला होता, ते! माझं डोकंच फिरलं. तिसऱ्या बुधवारी दार न वाजवताच आत शिरलो.

दोघं टेबलाशी बसले होते. हर्षल वही मिटून उभा राहिला.

"माझी फजिती करायची शिकवणी चाललीय का इथे?" मी आवाज चढवला. "बाप्तिस्मा नको असेल तर तोंडावर सांगा. हे असले डाव कशाला?"

पाळक काही बोलणार, तेवढ्यात हर्षल म्हणाला, "डाव नाही, पप्पा. तुमची उत्तरं खरी की उडवाउडवीची, ते कळावं म्हणून मीच इथे शिकायला येतो. खरं सांगायचं तर मला तुमचाच संशय येतोय."

"माझा?"

"तीन वर्षं तुमच्या घरी प्रार्थनेला मी तुमच्या शेजारी बसतो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना सुरू झाली की 'पित्या' या शब्दाला तुमचे ओठ मिटतात. बाकी सगळं खणखणीत म्हणता. आधी वाटलं, ठसका लागला असेल. मग दर वेळी बघायला लागलो. जो शब्द तुमच्याच तोंडून निघत नाही, तो माझ्या मुलीच्या डोक्यावर का? त्यात असं काय आहे, ते तुमच्याकडूनच ऐकायचं होतं मला. तुम्ही अंडी सांगत बसलात."

मी खुर्चीत बसलो. एस्तेरने, माझ्या बायकोनेही, हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग मी सांगितलं. सत्तावीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझा मुलगा सुमंत सात वर्षांचा होता. सकाळी त्याला कणकण होती आणि माझी ड्यूटी होती सुरगाण्याकडच्या मुक्कामाच्या गाडीवर. उद्या येतोच, म्हणून मी निघालो. दुसऱ्या दिवशी अकराला गाडी डेपोत लागली, तेव्हा दोन शेजारी फलाटावर माझी वाट बघत उभे होते. माझ्याकडे न बघता.

"तेव्हापासून मला तो पिता ओळखीचा वाटतो," मी पाळकांना म्हणालो. "पोरगं इकडे वधस्तंभावर मरतंय आणि बाप तिकडे वर, आपल्या ड्यूटीवर. अशाला कशी हाक मारू? आणि दोघं एकच म्हणता, तर मेला तोच. मग 'माझ्या देवा, मला का सोडलंस' ही हाक पोराने मारली कोणाला? स्वतःला?"

पाळकांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मेला पुत्रच, काका, पिता नाही. पण पिता दुसरीकडेही नव्हता. तीन देव म्हटले, की एक इथे मरतो आणि दुसरा लांब बसून राहतो. एकच जण सोंगं बदलतो म्हटलं, की हाक ऐकायला कोणी उरत नाही. म्हणून मंडळीने या दोन्ही वाटा बंद केल्या. ते वेगळे आहेत, म्हणून हाक मारता येते. देव एकच आहे, म्हणून मध्ये अंतर नाही. आणि तुमच्या घशात अडकलेला शब्द आतून बाहेर ढकलतोय ना, तो पवित्र आत्मा."

"मग पुत्राला सोडून दिल्यासारखं का वाटलं?"

"ते मला माहीत नाही," पाळक म्हणाले. "एवढंच दिसतं, की तसं वाटलं तरी हाक त्यालाच मारली."

फसवणाऱ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. या माणसाकडे नव्हतं. मला त्याच्यावर संशय घ्यायला काही सापडेना, आणि त्याचंच मला रडू आलं.

बाहेर आल्यावर हर्षल म्हणाला, "रविवारी चैतालीला आणतो, पप्पा. पण मी तुमच्या शेजारी उभा राहीन. तो शब्द नाही निघाला, तर तिला परत घेऊन जाईन. राग मानू नका."

राग कसला मानणार?

घरी एस्तेर मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो. सत्तावीस वर्षं जे विचारायला घाबरत होतो, ते विचारलं. "सुमंतने त्या दिवशी माझं नाव काढलं होतं का गं?" दोनच उत्तरं असू शकतात, अशी माझी समजूत होती. एक तर त्याने माझं नावच काढलं नसेल, नाहीतर मी का आलो नाही म्हणून विचारत गेला असेल. दोन्ही ऐकायची माझी हिंमत नव्हती.

तिचे हात थांबले. "किती वर्षं वाट बघितली मी, अहो, तुम्ही विचाराल म्हणून."

"काय म्हणाला?"

"पप्पा कधी येणार, असं एकदाही म्हणाला नाही. तापात तुमच्याशीच बोलत होता. पप्पा, पाणी द्या. पप्पा, पांघरूण घाला. मी पाणी पाजायचे, पांघरूण घालायचे, आणि तो म्हणायचा, बरं वाटलं पप्पा. त्याच्या लेखी तुम्ही तिथेच होतात."

मी ओक्साबोक्शी रडलो. तिने मेथीचे हात पदराला पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले.

रविवारी हर्षल चैतालीला घेऊन माझ्या शेजारी उभा होता. प्रार्थना सुरू झाली. तो माझ्या ओठांकडे बघत होता, आणि त्याचं बघणं बरोबरच होतं. शब्द जवळ आला. माझ्या तोंडून तो इतक्या मोठ्याने निघाला की पुढच्या दोन बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. पुढचं मात्र मला काहीच म्हणता आलं नाही.

हर्षलने चैतालीच्या हनुवटीखालची गाठ सोडून टोपडं काढलं आणि तिला माझ्या हातात दिलं. "तुम्हीच न्या पुढे," तो म्हणाला.