ताईची खिडकी

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी हे बसच्या नोकरीतून रिटायर झाले, आणि त्याच वर्षी आम्ही दोघं एका सर्व्हिस सेंटरच्या आवारात राहायला गेलो. म्हणजे गेलो होतो गाडी दुरुस्तीला टाकायला. दोन दिवसांत होईल, असं तिथले लोक फोनवर म्हणाले होते.

गाडी म्हणजे कॅरव्हॅन. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे शेगडी, बेसिन आणि खिडकीला लागून पलंग. हे तिला घरगाडी म्हणायचे. जन्मभर यांनी एकाच मार्गावर बस चालवली, लोकांना लोकांच्या गावी सोडलं. मला कधी कुठे नेलं नाही, असं मी चारचौघांत बोलून दाखवायची आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. गाडी घेतली तीसुद्धा माझ्या ताईसाठी. आई गेल्यावर मला ताईनं वाढवलं. समुद्राकाठच्या गावात तिचं घर, पण कंबरेतून गेल्यापासून ती मागच्या खोलीत पडून होती. खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसायची. समुद्र हाकेवर होता, पण तिला उठून बसवत नव्हतं. मागच्या भेटीत हे तिला म्हणाले, "ताई, तुम्ही अजिबात उठू नका. पडल्या पडल्या समुद्र दाखवतो तुम्हाला."

खिडकीच्या उंचीला पलंग असलेली गाडी जवळपास कुठेच मिळेना. जावयानं फोनवर शोधून काढली, ती पार लांबच्या शहरात. तिथल्या विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, वॉरंटी कंपनीची आहे, कुठल्याही शाखेत चालेल. येताना वाटेत पाऊस लागला. घरी पोचलो तेव्हा गादी चिंब झाली होती आणि खिडकीची चौकट हातानं हलत होती. शेजारून ट्रक गेला की अख्खी खिडकी खडखडायची. अशा खिडकीला लावून ताईला झोपवणार कसं?

आम्हाला सगळ्यात जवळची शाखा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. तिथल्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. इंजिनाची वॉरंटी इंजिनवाल्यांची, आणि इंजिन ठणठणीत आहे, म्हणाले. मागच्या घराचं ज्यांनी विकलं त्यांनी बघायचं. हे म्हणाले, दारावर पाटी तर तुमच्याच कंपनीची आहे. साहेब म्हणाले, पाटी एकच असते काका, दुकानं वेगळी. बरंच बोलणं झाल्यावर त्यांनी फोटो काढून वर पाठवले. मंजुरी आली की चौकट मागवू, तोवर बाहेरच्या कुणी एक स्क्रू जरी फिरवला तरी वॉरंटी गेली म्हणून समजा. आणि आमच्याकडून घेतलेल्या गाड्या आधी, हेही सांगून टाकलं.

मी म्हटलं, घरी जाऊन वाट बघू. हे ऐकेनात. डेपोची सवय अंगात मुरलेली. बिघाड सांगायचा, किल्ली द्यायची आणि गाडी बाहेर पडेपर्यंत ड्रायव्हरनं जागचं हलायचं नाही. हललात की दुसऱ्याची गाडी पुढे घेतात. मग भिंतीकडच्या जागेत आमचा संसार सुरू झाला. जुन्या टायरांच्या चळतीवर मी कपडे वाळत घालायची. फिटर लोक दुपारी आमच्या पायरीवर डबे खायचे, हे त्यांच्या शिळोप्याच्या गप्पांत जाऊन बसायचे. मंजुरीचं विचारलं की उद्या.

विक्रीला एक तरुण होता, यांनी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. एका सकाळी तो पायरीशी येऊन उभा राहिला. "मावशी, जरा गिऱ्हाईक आत आणू का? असा पलंग दाखवायला आमच्याकडे एकही गाडी नाही."

मी चादर नीट केली, भांडी आत सारली. एक जोडपं आलं. बाई पलंगावर आडवी होऊन खिडकीबाहेर बघत राहिली, तिला फार आवडलं. हसत हसत विचारलं, मावशी गाडीसोबतच मिळतात का?

"मिळतील, पण मला वॉरंटी नाही," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी हे पोट धरून हसले.

खिडकीतून पाणी आत येतं, हे मी त्या बाईला सांगितलं. गोडबोल्या लगेच म्हणाला, ती जुनी गाडी, नव्यात तो दोष काढलाय. त्यांनी तशीच गाडी मागवून घेतली. जाताना बाईनं माझे हात हातात घेतले.

मध्येमध्ये ताईच्या मुलाचा फोन यायचा. ताई त्याला रोज विचारायची, गाडी कुठवर आली? पुढेपुढे तो म्हणायला लागला, मावशी, आई फार जेवत नाही, लवकर या.

शेवटी एकदाची चौकट आली. लाकडी खोक्यावर आमच्या गाडीचा नंबर होता, यांनी स्वतः पाहिला. आनंदानं यांनी फिटरांना चहा पाजला. आणि दुपारी ते जोडपं आपली नवी गाडी घेऊन फाटकातून आत आलं. त्यांचीही खिडकी खडखडत होती. फिटरनं आमचं खोकं उघडलं आणि चौकट त्यांच्या गाडीकडे नेली. आमच्याकडे बघितलं नाही त्यानं.

हे साहेबांकडे गेले. मागोमाग मीही गेले.

"काका, त्यांनी आमच्याकडून घेतलीय. तुमची पुढच्या खेपेला."

"त्यांनी आमची बघून घेतलीय," हे म्हणाले.

साहेबांचा फोन वाजला, तो त्यांनी उचलला.

हे परत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग उठून माझी पिशवी भरायला लागले. म्हणाले, "गाडी रखडली की पॅसेंजर मागून येणाऱ्या बसमध्ये बसवून द्यायचे असतात. तू हो पुढे."

"अहो, मग तुम्हीही चला."

"गाडी सोडून? आणि कुठल्या तोंडानं जाऊ ताईंसमोर?"

स्टँडवर यांनी ताईच्या गावच्या बसच्या ड्रायव्हरला आपणही डेपोतलेच असं सांगून ओळख काढली. ही आमची पॅसेंजर, शेवटच्या स्टॉपपर्यंत नीट न्या, म्हणाले. बस सुटली तेव्हा हे हात न हलवता बसच्या मागच्या चाकांकडे बघत होते.

ताईनं आपली खाट दाराकडे तोंड करून घेतली होती. केस विंचरलेले, अंगावर धुतलेले कपडे. कितीतरी दिवस ती रोज अशी तयार होऊन पडत होती, असं तिच्या सुनेनं मागाहून सांगितलं. मी आत आले तर माझ्या खांद्यावरून ती दाराकडेच बघत राहिली.

"भाऊजी गाडी लावतायत का गं?"

मी हो म्हटलं.

"रस्ता अरुंद आहे आमचा. सावकाश लावू दे त्यांना, घाई नाही."

मग तिनं माझा हात धरला आणि डोळे मिटले.

चौकट पुढच्या खेपेला आली. चोख बसली, आता थेंबभर पाणी आत येत नाही. ताई मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, धाकटीच्या लग्नाच्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला. हे पुढच्या वर्षी गेले, तेव्हा गाडीची वॉरंटी शिल्लक होती.