पुलापर्यंतचा परवाना

पूल दिसताच हार्लनने गाडी कडेला घेतली, शर्ट वर केला आणि कमरेचं पिस्तूल काढून मांडीवर ठेवलं. मॅगझिन काढलं, आतली शेवटची गोळी काढली, बोट घालून खात्री केली. मग पिवळ्या फडक्याने ते पुसत बसला. तापाने फणफणलेल्या बायकोचं कपाळही त्याने कधी एवढ्या मायेने पुसलं नव्हतं. शेजारी बसलेल्या लोरेटाला किळस आली.

"घरी ठेवतो म्हणाला होतास."

"कॅरिनच्या घरात नेणार नाही म्हणालो होतो. डिकी म्हणजे काय तिचं घर?" पिस्तूल डिकीतल्या पेटीत ठेवून कुलूप लावायला तो उतरला. "माझा परवाना पेनसिल्व्हेनियाचा. नदीपलीकडे न्यू जर्सी. तिथे रिकामं, पेटीत, डिकीत. यात बेकायदा काय ते दाखव."

बेकायदा दोन वर्षांपूर्वीही काही नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला लेक कॅरिन आपल्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आली होती. हार्लन संडासात गेला, पट्टा सोडताना पिस्तूल पाण्याच्या टाकीवर ठेवलं आणि तिथेच विसरून टर्की कापायला आला. चार वर्षांची टेसा ते दोन्ही हातांत धरून टेबलापाशी आली होती.

"आजोबा, तुमचं राहिलं."

कॅरिन त्याच पावली मुलीला घेऊन निघून गेली. "बोट कुठे होतं ट्रिगरवर?" एवढंच हार्लन म्हणाला. आणि त्यानंतर दोन वर्षं फोनवर त्याची बाजू कोण सावरत होतं? लोरेटाच. एकदाच झालं गं, विसरले ते, वय झालंय. ते आठवून आता तिला स्वतःचीही शिसारी आली. कॅरिनने आज जेवायला बोलावलं होतं ते एकाच अटीवर: पिस्तूल आणायचं नाही. अट मोडली, तर पुन्हा बोलावणार नव्हती.

लोरेटा मुरंब्याची बरणी घेऊन उतरली.

"गाडी इथेच राहू दे. पुलावरून चालत दहा मिनिटं. कॅरिनला पलीकडे बोलावते. चल."

हार्लन दोन पावलं आला. रिकाम्या कमरेवर हात गेला, आणि तो थांबला.

"कुणी डिकी फोडली तर?"

"भर दुपारी? चर्चसमोर?"

"चोराला काय दुपार आणि काय चर्च!"

"हार्लन, सहा वर्षांची झालीये ती. तुला ओळखेल की नाही, देव जाणे."

त्याने पुलाकडे पाहिलं, डिकीकडे पाहिलं. मग डिकीला टेकून उभा राहिला.

"तू हो पुढे. मी आहे इथे."

लोरेटाने बरणी काखेत मारली आणि निघाली. मागे वळून पाहायचीही तिला इच्छा होईना.

पलीकडच्या टोकाला कॅरिन उभी होती, टेसाचा हात घट्ट धरून.

"बाबा?"

पाठ दुखतेय त्यांची, असं लोरेटाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"गाडीपाशी उभे आहेत. पिस्तूल सोडून येववत नाही त्यांना."

कॅरिनने नुसती मान हलवली. बरणी आपल्याकडे घेतली आणि टेसाचा हात सोडून तो लोरेटाच्या हातात दिला.