कारंज्यापर्यंतचा फेरा

पोलिक्सेनी मावशीचं पत्र वसंतात आलं आणि रस्त्यावरच्या लिंडनच्या झाडांची पानं पिवळी पडेपर्यंत मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं, आणि चिकटवणाऱ्याने ते लपवण्याचे कष्टही घेतले नव्हते. मावशी बॉस्टनला राहायची. लग्न होऊन तिने आमचं कोर्चा शहर सोडलं तेव्हा ती विशीतही नव्हती. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिने विचारलं होतं, ‘आपला मोठा रस्ता अजून तसाच आहे का? संध्याकाळी लोक फिरतात का? कोण कोण भेटतं? मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे मला वाचता येईल.’

यात भिण्यासारखं काय, असं आज कुणी विचारलं तर त्याला ते नीट समजावता येईल याची मला खात्री नाही. साल १९७५ होतं, आमच्याकडे कम्युनिस्ट राजवट होती. मावशी अमेरिकेत होती. आणि ‘कोण कोण भेटतं’ याचं उत्तर द्यायचं म्हणजे आपल्या गावातल्या माणसांची नावं परदेशात कळवायची. असं करणाऱ्याला काय म्हणतात ते शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं.

आमच्या शहरात वर्तमानपत्र निघायचं, पण बातमी रस्त्यावर मिळायची. काम आटोपलं की लोक हातपाय धुऊन, इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडायचे. मोठ्या रस्त्याच्या एका कडेने खाली, दुसऱ्या कडेने वर. पहिल्यांदा समोरासमोर आलात की टोपी उचलायची, दुसऱ्यांदा नुसती मान हलवायची, तिसऱ्यांदा काहीच नाही. खालच्या टोकाला कारंजं होतं. त्याला वळसा घालूनच माघारी फिरायचं. घरी कुणी गेल्याचा निरोप आला तरच माणूस मध्ये वळायचा. एखादा मुलगा एखाद्या मुलीबरोबर कारंज्यापर्यंत जाऊन आला की साखरपुडा झालाच म्हणून समजायचं. कुणाचा कोट उलटवून शिवलाय, कुणाची बढती हुकली, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं तिथे दिसायचं. जो तीन दिवस दिसला नाही त्याच्या घरी सूपचं भांडं जायचं. पुढे पुढे सूप जाईनासं झालं. लोक त्याचं नावच घेईनासे झाले.

आदल्या वर्षी औषधांच्या दुकानातल्या वांजेलचं असंच झालं होतं. आधी रस्त्यावरच्या टोप्या उचलल्या जाईनात. मग एका पहाटे ट्रक आला, आणि वांजेल, त्याची बायको, म्हातारी आई आणि शिवणयंत्र असं सगळं दलदलीकडच्या, हद्दपारांच्या गावांत रवाना झालं. ट्रकवाल्यांचं रस्त्याला आधी कळलं की रस्त्याचं ट्रकवाल्यांना, हे मला आजही सांगता येत नाही.

मी वाचनालयात होतो. पुस्तकांवर क्रमांक टाकायचे, कपाटं लावायची. माणसांपेक्षा मला तेच बरं वाटायचं. ऑक्टोबरात एके दुपारी चामडी कोटातला माणूस आत आला. तो कुठल्या इमारतीत काम करतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने कपाटातून एक पुस्तक काढलं, न उघडताच परत ठेवलं.

“कॉम्रेड लिगोर, मावशी बरी आहे ना?”

“माहीत नाही.”

“उत्तर नाही दिलंत?”

“नाही. दिलं नाही.”

“असं कसं?” तो हसला. “मावशी एवढ्या मायेने विचारते. पत्र येतं आणि पोस्टातून उत्तर जात नाही. मग ते जातं कुठून?”

“जातच नाही. मी लिहिलंच नाही.”

“एवढा शिकलेला माणूस, आणि एक पत्र लिहिलं नाही?” त्याने माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून तिचं टोक बोटाने तपासलं. “बघा बुवा. आठवून बघा.”

उत्तर दिलं असतं तरी गुन्हा होता, आणि दिलं नाही तर ते चोरवाटेने गेलं असं ठरत होतं. मी पुस्तकावर क्रमांक टाकायला गेलो तर आकडा कागदाबाहेर गेला.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. मी, माझी बायको उरानी आणि आठ वर्षांची लिरी. अर्ध्या रस्त्यात मला कारंज्यापाशी चामडी कोट दिसला. त्याच्या शेजारी आणखी एकजण होता, आणि दोघंही आमच्याकडेच बघत होते असं मला वाटलं. मी उरानीचा दंड धरला आणि मागे वळलो.

“काय करतोस? अजून कारंजं यायचंय.”

“चल घरी.”

“कोण गेलं?” तिचा चेहरा पांढरा पडला.

मागून पांदेली फोटोग्राफर येत होता. आमच्याच आळीतला, तोंडाचा फटकळ. तो मोठ्याने म्हणाला, “काय लिगोर, पोटात कळ आली की काय? की पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावायचं राहिलं?” दोन-चार जण हसले. पण हसता हसता त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग कारंज्याकडे पाहिलं. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी समोरून लिरीच्या शाळेचे मुख्याध्यापक आले. मी टोपी उचलली. त्यांना नेमकं तेव्हाच झाडावर काहीतरी दिसलं. मग दंतवैद्य, मग माझ्याच वाचनालयातली बाई. तिसऱ्या दिवशी तर गर्दी आमच्याभोवती जागा सोडून चालू लागली. इतक्या लोकांत आम्हा तिघांना कुणाचा धक्का लागेना. पांदेली दिसला आणि वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

“आई, आमच्या बाई मला बघून झाडाकडे का बघतात?” लिरीने विचारलं.

“पक्षी आवडतात त्यांना,” उरानी म्हणाली.

घरी आल्यावर तिने रेडिओ मोठा लावला. आम्ही महत्त्वाचं काही बोलायचं असलं की रेडिओ लावायचो.

“आता नकोच जायला,” मी म्हणालो. “सर्दी झाली म्हणून सांगू.”

“वा! उद्या आपण दिसलो नाही की परवा पहाटे ट्रक दारात. एवढं पुस्तकांत लिहिलेलं नसतं वाटतं?”

“मग काय करू?”

“तू मध्येच वळलास, लिगोर. त्या माणसाने रस्त्यात तुला एका शब्दानंही हटकलं नव्हतं. तूच साऱ्या गावाला सांगितलंस की तू त्याला घाबरतोस. आता गाव तुला घाबरतंय.” तिने बटाटे सोलायला घेतले आणि सुरी माझ्याकडे रोखली. “पत्र लिही.”

“मावशीला? वेडी झालीस का? आणि लिहू काय?”

“तिने विचारलंय ते. तिला तुझ्याकडून कविता नकोय.”

मी टेबलापाशी बसलो. ‘रस्त्यावर गर्दी असते’ असं लिहिलं आणि खोडलं. का असते, असा प्रश्न कुणी विचारला तर? ‘सगळे भेटतात’ लिहिलं, आणि वांजेल आठवला. ‘झाडं मोठी झाली’ हे निर्धोक वाटलं, पण पुढच्याच क्षणी वाटलं, झाडांआडून पाळत ठेवतात असं मी सुचवतोय असं कुणी म्हटलं तर? मी आयुष्यभर इतरांची वाक्यं वाचत आलो होतो. स्वतःचं एक वाक्य सुरक्षित करता येईना.

“या रस्त्याचं एवढं काय, उरानी? तिला अजून त्याचीच आठवण का येते?” मी वैतागून विचारलं.

“कारण तिथे माणूस आहे की नाही ते कळतं,” ती बटाटे पाण्यात टाकत म्हणाली. “घरात बसून आपण आहोत हे कुणाला कळणार? लिही लवकर, रेडिओवरचं भाषण संपत आलं.”

शेवटी मी मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘मावशी, रस्ता आहे. झाडं आहेत. संध्याकाळी आम्ही तिघं कारंज्यापर्यंत जातो आणि परत येतो. तुझे डोळे सांभाळ.’ चार ओळींपायी माझी अख्खी रात्र खर्ची पडली असती, ती उरानीमुळे वाचली.

“सकाळी आळीच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतो,” मी म्हणालो.

“चोरासारखा? मुळीच नाही. कारंज्यापलीकडे पोस्ट आहे. फेऱ्याच्या वेळी टाक. सगळ्यांदेखत.”

मी त्या रात्री प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरानीने लिरीच्या केसांना फीत बांधली आणि माझी टोपी घासून दिली. मी पाकीट हातात धरलं, पत्ता वर. बॉस्टन हा शब्द मी मुद्दाम मोठा लिहिला होता, आणि आता तो मला घराच्या दाराएवढा दिसत होता. घामाने शाई पसरेल म्हणून मी पाकीट दोन बोटांत धरलं.

गर्दी फाकली. बोलणी आमच्याजवळ येऊन थांबायची आणि आम्ही पुढे गेल्यावरही सुरू व्हायची नाहीत. दंतवैद्याने पत्ता वाचला, बायकोला रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला नेलं. माझे पाय जिथे त्या दिवशी वळलो होतो तिथे अडखळले. उरानीने माझा दंड धरला, मी तिचा धरला होता तसाच, आणि पुढे ओढलं.

पांदेली समोर आला. त्याचा हात टोपीपर्यंत गेला, तिथेच घुटमळला, आणि त्याने डोकं खाजवलं. पण डोकं खाजवायला टोपी काढावी लागते. त्याने ती काढली आणि आम्ही पुढे जाईपर्यंत हातातच ठेवली.

कारंज्यापाशी चामडी कोट उभा होता.

“पत्र?” त्याने हात पुढे केला.

मी दिलं. त्याने पत्ता वाचला, पाकीट तळहातावर तोललं, उलटं केलं. सगळा रस्ता आमच्याकडे बघत होता, आणि ते त्यालाही दिसत होतं.

“बंद नाही केलंत?”

उरानी म्हणाली, “म्हटलं, तुम्हाला पुन्हा चिकटवायचा त्रास नको.”

त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मला लिरीच्या हाताची बोटं माझ्या हातात जाणवत होती, गार आणि ताठ. मग त्याने गर्दीकडे एकवार पाहिलं, पाकिटाची कड जिभेवर फिरवली, ते नीट बंद केलं आणि मला परत दिलं.

“पोस्ट सातला बंद होतं,” तो म्हणाला.

आम्ही कारंज्याला वळसा घातला, पण माघारी न वळता सरळ पोस्टापर्यंत गेलो. पेटीचं तोंड माझ्या बोटांना सापडेना. उरानीने झाकण वर धरलं आणि मी पत्र आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज मला आला नाही. पाठीमागे रस्ता पुन्हा बोलायला लागला होता.