उंब्रजच्या तालमीतली हलकी जोडी

मी उंब्रजच्या तालमीतली एक जुनी हलकी जोडी आहे. व्यायामाला दोन हातांत धरून खांद्यावरून फिरवतात ना, ते लाकडी मुद्गल म्हणजे मी. खरं तर आम्ही दोघी आहोत, पण माझी जोडीदारीण जन्माची घुमी. तिच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं.

मित्रांनो, माझा जन्मच मुळी हशात झाला. आकाराम सुतारानं जाडजूड जोडी करायची म्हणून बाभळीचा ओंडका घेतला आणि तासताना आत चीर निघाली. चिरेचा भाग काढून उरलेल्या लाकडातून त्यानं आम्हांला घडवलं. तालमीत नेल्यावर एका पैलवानानं दोघींना एकाच हातात धरलं आणि विचारलं, ही काय पाळण्यावर टांगायची का? सगळे पोट धरून हसले. मला असा राग आला म्हणून सांगू! पण लाकडाच्या रागाला विचारतो कोण? मी कोपऱ्यात धूळ खात पडले.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि नानासो हवालदार पल्टणीतून पेन्शनीवर गावी आले. गावानं त्यांना तालमीचे वस्ताद केलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी ते आणि बयाबाई, दोघंच. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन ते कुस्तीच्या हौदातली तांबडी माती स्वतः खोऱ्यानं उकरायचे, तिच्यात तेल-ताक घालायचे आणि मारुतीला उदबत्ती लावायचे. असा नेकीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण एका गोष्टीनं त्यांच्या नाकी नऊ आणले होते. चैत्रात जत्रेला कुस्त्यांचं मैदान झालं, की निम्म्या गावाला पैलवान व्हावंसं वाटायचं. दुसऱ्याच पहाटे नारळ घेऊन मारुतीपुढं गर्दी. आणि आमच्या तालमीची रीत अशी, की नव्या गड्याला पहिल्याच दिवशी हौदात घ्यायचं आणि जुन्यांनी त्याला मातीत चांगला घोळसायचा. रग जिरली पाहिजे म्हणे! त्यावर वस्तादांची पल्टणीतली कवायत. दुसऱ्या दिवशी नव्यांची अंगं अशी आंबायची, की पाण्याची कळशी उचलवायची नाही. कसले येतात परत! आठवडा उलटायच्या आत तालीम पुन्हा ओस पडायची. वस्ताद म्हणायचे, आताच्या माणसांत दम उरला नाही.

एका साली सोसायटीचे चेअरमन नाथाजीआण्णा गावाच्या बैठकीत उभे राहिले. खताची पोती ठेवायला जागा नाही आणि तालीम मोकळी पडली आहे, असं त्यांनी सांगितलं. नागपंचमीपर्यंत तिथं माणसं दिसली नाहीत, तर तालमीचं गोदाम होणार, असं ठरलं. वस्तादांना जेवण जाईना. ती खोली गेली तर त्यांच्या हाताला दुसरं होतं काय?

एका सकाळी त्यांनी मला घरी नेलं. तेल द्यायला नव्हे हो, जळणाला! तालीमच राहत नाही तर ही लाकडं कशाला, असं म्हणून त्यांनी मला न्हाणीच्या चुलीजवळ टाकलं. बयाबाईंनी मला उचललं, पण चुलीत घातलं नाही. पदर खोचून त्यांनी मला खांद्यावरून फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. त्यांना मजा वाटली असावी. फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "आवं, पल्टणीत गडी पळत नव्हती, कारण पळायला वाटच नव्हती. हितं दार उघडं हाय. त्यो उद्या परत यावा असं आज तुमी काय केलं?"

वस्तादांनी त्यांच्या हातातून आम्हां दोघींना घेतलं, खांद्यावर टाकलं आणि थेट बाळासोची गिरणी गाठली.

बाळासो हा पिठाच्या गिरणीचा मालक. सुटलेलं पोट, चार पावलं चालला की धाप. वजन उतरव, असं कराडच्या डॉक्टरनं त्याला बजावलं होतं. म्हणून बिचारा जत्रेनंतर तालमीत आला, हौदात घोळसला गेला, सगळ्यांचं हसू सोसलं आणि कानाला खडा लावून बसला. आता वस्ताद मुद्गल घेऊन येताना दिसले, तसा तो पोत्यांच्या थप्पीमागं दडला. बाहेर निघाला तो पिठानं पांढराफटक होऊन.

"मारायला न्हाई आलो गड्या, बोलवायला आलोय," वस्ताद म्हणाले. "हौद ऱ्हाऊ दे. उद्या नुसती ही फिरवायची. कुणी हसलं तर माझ्याशी गाठ हाय."

दुसऱ्या पहाटे बाळासो आला. पहिल्यांदा माझ्या मुठीला कुणाच्या तरी हाताचा घाम लागला. मित्रांनो, त्या आनंदाला काय नाव द्यावं? थोडा वेळ झाला आणि वस्तादांनी त्याच्या हातातून मला काढून घेतलं. तो म्हणाला, अजून होतंय की. वस्ताद म्हणाले, ते उद्यासाठी ठेव. तो दिवसभर गिरणीत खांदे फिरवत उद्याची वाट बघत होता, असं त्यानंच नंतर हसत सांगितलं.

त्या दिवसापासून घोळसण्याची रीत बंद झाली. तालमीची बालवाडी केली, असं जुने पैलवान कुरकुरले. वस्तादांनी ते ऐकून घेतलं आणि त्याच पैलवानांना गैरहजर गड्यांच्या दारात पाठवलं. रागवायचं नाही, फक्त चहा पिऊन यायचं. कुणाच्या उसाला पाण्याची पाळी असली, की वस्ताद आदल्या दिवशीच सांगायचे, उद्या पाणी धर, परवा ये. मग खाडा झाला आता कुठल्या तोंडानं जाऊ, असं त्याला वाटायचंच नाही. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या दंडाला जरा गोलाई आली, सगळं त्यांच्या ध्यानात. केवढं मन होतं त्या माणसाचं! गडी टिकू लागले आणि मला तर विसावाच मिळेना.

नागपंचमी आली आणि नेमके वस्ताद तापानं फणफणले. अंथरुणावरून उठवेना. पहाटे नाथाजीआण्णा खताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर घेऊन आले. वस्तादाशिवाय तालीम बंदच असणार, असा त्यांचा हिशेब.

बघतात तर काय, बाळासोनं दार उघडून उदबत्ती लावली होती. हौदात गडी, भिंतीलगत जोर मारणारे गडी, आणि मी एका नवख्याच्या हातात. नाथाजीआण्णा उंबऱ्यात थबकले. त्यांचंही पोट काही लहान नव्हतं. बाळासोनं त्यांच्याकडं पाहिलं, नवख्याच्या हातातून मला घेतलं आणि अदबीनं पुढं केलं, "आण्णा, बघा की जरा फिरवून." आण्णांनी वहाणा काढल्या, मारुतीला हात जोडले आणि मला उचललं. मी पहिल्याच फेऱ्यात त्यांच्या कोपरावर आपटले. पण नंतर जमलं. बाहेर ट्रॅक्टर भरलेला आला तसाच भरलेला परत गेला.

व्यायाम झाल्यावर सगळे वस्तादांच्या घरी निघाले. गडबडीत बाळासोनं मला हातातच नेलं. बयाबाई वस्तादांच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होत्या. तालीम वाचली, आज नाथाजीआण्णा स्वतः जोडी फिरवून गेले, असं बाळासोनं एका दमात सांगितलं. मला वाटलं, आता वस्ताद मिशीला पीळ देतील. पण ते धडपडत कोपरावर उठले आणि काळजीनं त्यांनी विचारलं, "त्यास्नी कुणी हसलं न्हाई न्हवं?"

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले, मूठ झिजून गुळगुळीत झाली. मला तेल द्या, वाळवीपासून जपा, एवढं मागायचा माझा हक्क आहे. पण त्याहून मोठं मागणं निराळं आहे. तुमच्या तालमीत, वर्गात, मैदानावर कुणी नवा अवघडून दारात उभा असेल, तर त्याला हसू नका. त्याला आत घ्या आणि झेपेल तेवढंच त्याच्या हातात द्या.