ऑइलची पट्टी आणि सेमाडोहचा वाघ

"आता हे सांगतलं तं तुमी मानसान नाई," नत्थुजी म्हणाले. "जगात कोनीच मानत नाई. पन माह्या जीपचं ऑइल तीन वर्सं एका वाघानं तपासलं."

"मानतो न," सूर्यभान म्हणाला. "काहून नाई मानत?"

सूर्यभानची हीच पंचाईत होती. बार्शीटाकळीत झेंडू पिकवणारा हा शेजारी कशावरही विश्वास ठेवायचा. आणि थापेला उंची यायची तर समोरून कोणीतरी थोडं नाक मुरडावं लागतं. पण आज नत्थुजींना थापेची उंची नको होती, लांबी हवी होती.

कारण अंगणात सुनेची पांढरी गाडी बोनेट उघडून उभी होती, आणि सून गीतांजली बोटात चावी फिरवत समोर उभी होती.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला लेकीकडं, रागिणीकडं, नातवाचं बारसं होतं. रागिणीचे सासरे भगवंतराव यांनी मागच्या वर्षी नवी गाडी घेतली होती आणि ते स्वतः चालवायचे. मागच्या भेटीत ते नत्थुजींना म्हणाले होते, "तुमी आता मांगंच बसत असान, आरामात." त्या 'आरामात'नं नत्थुजींच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. तीस वर्षं धारणी-परतवाडा जीप हाकलेला माणूस, त्यानं व्याह्यासमोर मागच्या सीटवरून, मांडीवर पेढ्याचा डबा घेऊन उतरायचं म्हणजे काय. उद्या भगवंतरावांच्या फाटकापुढं स्टेअरिंगच्या बाजूचंच दार उघडलं पाहिजे.

गीतांजली रोज याच गाडीनं अकोल्याला शाळेत शिकवायला जायची. ती नाही म्हणाली नव्हती. एवढंच म्हणाली, "मामाजी, जो ऑइल पायत नाई तो ड्रायव्हर नाई, हे तुमीच म्हनता न. मंग पाहून सांगा अन् चावी घ्या."

बोनेट उघडणं हाताच्या सवयीचं होतं. पट्टी ओढणंही. नत्थुजींनी ती इंजिनातून सर्रकन काढली आणि फडक्यानं टोकापर्यंत कोरडी पुसली. आता ती परत आत घालायची, पुन्हा ओढायची, आणि टोकाजवळच्या दोन खुणांमध्ये ऑइल कुठवर चढलं ते वाचायचं. एवढंच काम. पण गेल्या दिवाळीपासून नत्थुजींना त्या खुणा दिसत नव्हत्या. शेताच्या टोकाला उभी म्हैस कोणाची ते ओळखू यायचं, हातातली पट्टी मात्र ताकात बुडवल्यासारखी. घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग मागची सीट, मग आराम.

गीतांजलीला आतून कोणी हाक मारेपर्यंत वेळ काढायचा होता. म्हणून वाघ.

"जंगलात सेमाडोहच्या अलीकडं एक वळन हाय," पट्टी मास्तरच्या छडीसारखी हवेत फिरवत ते म्हणाले. "तिथं मी रोज जीप थांबवून ऑइल पाये. एक दिवस पट्टी बोनेटवर ठेवली अन् पान्याची कॅन आनाले गेलो. येऊन पायतो तं वाघ पट्टी चाटून राहिला."

"मंग?" सूर्यभाननं विचारलं.

"मंग काय, थुकला. अन् माह्याकडं असं पाह्यलं, जसं मी त्याले घरी जेवाले बोलावून शिळं वाढलं. बोटावर घेऊन पाह्यलं तं ऑइल जळून डांबर झालेलं. मले समजलं नोतं, त्याले एका चाटीत समजलं."

"तो चाटत होता तवा तुमी कुठी होते?" गीतांजलीनं विचारलं.

"जीपखाली."

"पानी आनाले गेलते न?"

"पानी जीपखालीच ठेवत होतो. थंड राहते."

सूर्यभाननं मान डोलावली. त्याला पटलं.

"नवं ऑइल टाकलं, तं दुसऱ्या दिवशी चाटून मिशा पुसल्या अन् बाजूले झाला. तवापासून ठरूनच गेलं. ऑइल थोडं कमी असलं तं एक पंजा वर करे. भल्लं कमी असलं तं दोन."

"दोन वर केल्यावर उभा कसा राहे?"

"मांगच्या पायावर. म्हनून तं लांबून दिसे."

"बराबर हाय," सूर्यभान म्हणाला.

आत कुकरची शिटी झाली. नत्थुजींना धीर आला. पण गीतांजलीनं जागेवरूनच "अहो, गॅस बंद करा" म्हटलं आणि आत तिच्या नवऱ्याची, गजेंद्रची, चप्पल फरफटली. नाइलाज होता. वाघाला पुन्हा उभं करावं लागलं.

"एकदा लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाऊन राहिलो. जीपमंदी अठरा मानसं. अन् त्या दिवशी वाघानं चारी पंजे वर केले."

"चारी?"

"पाठीवर निजला न बाप्पा, मंग केले. म्हंजे ऑइल खलास, सारं गळून गेलं. जंगलात दुकान कुठचं? नवरीच्या सामानात शेंगदान्याच्या तेलाचा पिपा होता, दिला ओतून. जीप पयाली, पन धूर असा निंघे का भज्याचा घाना उतरला. गावागावातून लोकं ताटल्या घेऊन मांगं. परतवाड्याले पोचलो तं दोनशे मानूस. नवरदेवाच्या बापाले वाटलं नवरीकडचे, नवरीच्या बापाले वाटलं नवरदेवाकडचे. सारे जेवून गेले. आहेरही घेऊन गेले."

गीतांजली हसून हसून बोनेटला टेकली. डोळे पुसत म्हणाली, "बस्स मामाजी. आता आपल्या गाडीचं सांगा. ऑइल किती हाय?"

नत्थुजींनी पट्टी उन्हात धरली. एक डोळा मिटला. वास घेतला. टोक अंगठ्यानं चोळलं आणि थोडा वेळ आभाळाकडं पाहिलं.

"वरच्या खुणेच्या दोन जव खाली," ते म्हणाले. "रंग मधावानी. जळका वास नाई, कचकच नाई. हे गाडी अमरावती जाऊन येते अन् वरतून अकोटलेही चक्कर मारते."

गीतांजलीनं चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. चावी कोमट होती. नत्थुजींनी मूठ मिटली. भगवंतराव फाटकात उभे असलेले त्यांना आत्ताच स्वच्छ दिसत होते; ते लांब होते ना.

सूर्यभान मात्र मान वाकडी करून कधीचा त्यांच्या हाताकडं पाहत होता.

"नत्थुजी, एक समजलं नाई."

"विचार न. वाघाचं?"

"वाघाचं समजलं. भज्याचंही समजलं. पन ते पट्टी तुमी मघा कोरडी पुसली, तवापासून तुमच्या हातातच हाय. इंजिनात तं परत गेलीच नाई. मंग तुमी वाचलं काय?"